वेखंड नव्हे, लिलीही नव्हे: कुडाळकडच्या एका अंगणातलं ठिपकेदार फूल

कुडाळजवळच्या एका गावातल्या वहिनींनी पावसाच्या तोंडावर मला काही फोटो पाठवले. तुळशीवृंदावनाच्या मागे वाढलेलं एक झाड, गुडघ्याच्या वर गेलेलं, तलवारीसारखी पानं एकाच पातळीत पंख्यासारखी पसरलेली. प्रश्न साधा होता: "सर, हे वेखंड आहे ना?" घाईचं कारण पुढच्या ओळीत होतं. शेजारी नातू जन्मला होता आणि बाळगुटीसाठी ताजा कंद मिळेल का, अशी विचारणा झाली होती. सासूबाईंना शंकाच नव्हती. "तां वेखंडच गो, माज्या आवशीन दिलेलां," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं. लग्नानंतर काही वर्षांनी आईने हा गड्डा दिला, तेव्हापासून तो तिथेच आहे.

कंद उकरू नका, एवढंच मी त्या दिवशी ठामपणे सांगितलं. बाकी सगळं फूल आल्यावर.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण पंख्यासारख्या पानांच्या झाडांची ओळख लागण्यात जे जे अडथळे येतात, ते बहुतेक सगळे इथे एकापाठोपाठ आले. शेवटी जे नाव निघालं, त्याचा इतिहास तर आपल्या कोकणी माणसांच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

आधी पानं. अशी पानं म्हटली की पहिलं आठवतं ते आयरिस या बागेतल्या फुलझाडाचं कुळ. या कुळात पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही अर्धी एकमेकांना चिकटल्यासारखं असतं. त्यामुळे डावी-उजवीकडे दिसणाऱ्या दोन्ही बाजू खरं तर पानाच्या पाठीच. पोटाची बाजू आत मिटून गेलेली असते, आणि ती फक्त बुंध्याशी उघडी दिसते, जिथे एक पान पुढच्या पानाला कवेत घेतं. एकेक पान असं आळीपाळीने समोरासमोर बसत गेलं की आपोआप पंखा तयार होतो. पण ही रचना आयरिस कुळाची मक्तेदारी नाही. वेखंडाचं पान तसंच असतं. आपल्या सड्यांवर पावसात पिवळी तीनपाकळी फुलं घेऊन येणारी झायरिस ही गवतासारखी छोटी वनस्पतीही पानांनी तशीच, आणि नर्सरीत 'डायनेला' म्हणून विकली जाणारी पांढऱ्या पट्ट्यांची झाडंही लांबून तशीच दिसतात. म्हणून "पानं आयरिससारखी आहेत" या वाक्याने फक्त शोधाची दिशा कळते. ओळख पटत नाही.

वेखंड मात्र फुलाशिवायही वगळता येतं, आणि या प्रकरणात तेच तातडीचं होतं. वहिनींना म्हटलं, एका पानाचं टोक चुरगाळून वास घ्या. वेखंडाचं पान चुरगाळलं की तो ओळखीचा, उग्र-गोडसर वास हाताला बराच वेळ राहतो. इथे वास आला तो नुसत्या हिरव्या पाल्याचा. दुसरी खूण शिरेची. वेखंडाच्या पानाला बोटाला लागेल अशी उठावदार मधली शीर असते, जराशी एका कडेला सरकलेली, आणि बरेचदा पानाची एक कड चुणीदार असते. या पानाला मधली शीर म्हणावी असं काही नव्हतं. सगळ्या रेषा सारख्या, आणि पानावर किंचित राखी झाक. तिसरी गोष्ट जागेची. वेखंडाला पाणथळ लागतं, पाटाच्या कडेला ते सुखाने वाढतं. हे झाड होतं वृंदावनामागच्या उंचवट्यावर, जिथे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात.

म्हणजे वेखंड नाही. बाळगुटीचा प्रश्न तिथेच संपला. आयरिस कुळातल्या पुष्कळ झाडांच्या कंदात पोटाला बाधणारी द्रव्यं असतात, उलट्या-जुलाब होतात. मोठ्या माणसालाही जे सोसत नाही ते तान्ह्या बाळाला उगाळून देण्याचा विचारही नको. खरं म्हणजे अस्सल वेखंडाच्या बाबतीतही मी सबुरीनेच बोलतो. अमेरिकेने ते 1968 पासून खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातलेली आहे, त्यातल्या अ‍ॅसरोन या घटकामुळे. पण तो वाद वेगळा. अंगणातल्या अनोळखी कंदाच्या बाबतीत वाद घालायला जागाच नाही.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. इतकी वर्षं ज्याला वेखंड म्हटलं ते वेखंड नाही, हे कोणी परका माणूस फोनवरून सांगतो म्हणून का मानायचं? त्यांच्या बाजूने एक गोष्ट नक्की होती: त्यांनी स्वतः तो कंद कधी वापरला नव्हता. आईने दिलं म्हणून जपलं, एवढंच.

मग फूल येईपर्यंत अंदाजांचा पाऊस पडला. घरातल्या मुलाने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपला पानाचा फोटो दाखवला. अ‍ॅपने ठासून सांगितलं, निओमारिका, म्हणजे नर्सरीवाल्यांचं 'वॉकिंग आयरिस'. पुण्यातल्या एका नातेवाइकाचं मत ग्लॅडिओलस. कोणी डायटिस म्हणालं, कोणी ऑर्किड. यातलं ऑर्किड सोडलं तर बाकीची सगळी नावं आयरिस कुळातलीच आहेत, त्यामुळे पानावरून त्यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नव्हता. निओमारिकाबद्दल मला एकच शंका होती. तिच्या पानालाही मध्ये उठावदार शीर असते, आणि इथे ती नव्हती. पण एवढ्यावरून नाव खोडण्यापेक्षा थांबणं बरं. अ‍ॅपबद्दल माझी तक्रार एवढीच की ते "माहीत नाही" असं सहसा म्हणत नाही.

आषाढात दांडा वर आला. दोन दिवसांनी फोटो आला: वरून घेतलेला, एकच, फूल स्क्रीनभर. केशरी रंग, त्यावर गडद लाल ठिपके, सहा पाकळ्या ताऱ्यासारख्या सपाट पसरलेल्या. सोबत वहिनींचा निकालही होता, "सर, ही तर लिली निघाली!"

वरून घेतलेला फोटो देखणा असतो आणि ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी. त्यात रंग आणि ठिपके दिसतात, म्हणजे नेमकं तेच जे सगळ्यात जास्त फसवतं. केशरी, ठिपकेदार, सहापाकळी फूल लिलीतही सापडतं, आयरिस कुळातल्या टायग्रिडियातही ठिपके असतात, ऑर्किडांत तर विचारायलाच नको. मी वहिनींना सांगितलं की फूल सकाळी नऊ-दहाला पूर्ण उघडलेलं असताना चार फोटो घ्या. एक बाजूने, म्हणजे पाकळ्यांच्या खाली काय आहे ते दिसेल. एक अगदी जवळून, मधल्या भागाचा. एक अख्ख्या दांड्याचा, शेजारी हात धरून, म्हणजे माप कळेल. आणि संध्याकाळी मिटायला लागलं की त्याच फुलाचा पुन्हा एक. शिवाय एक फूल तोडून ब्लेडने उभं चिरा. हे शेवटचं त्यांच्या जिवावर आलं, पण दांड्यावर कळ्या पुष्कळ होत्या.

फोटो आले आणि प्रकरण सरळ झालं.

पहिली मोजणी पुंकेसरांची. तीन. स्वच्छ, सुटे, एकमेकांपासून दूर उभे असलेले तीन. लिलीला सहा असतात, डायनेलालाही सहा. या एका आकड्याने दोन्ही नावं गेली. ऑर्किडमध्ये पुंकेसर आणि कुक्षीवृंत (अंडाशयावरून वर येणारी काडी) एकत्र जुळून एकच खांब बनतो आणि एक पाकळी ओठासारखी वेगळी असते. इथे तसं काहीच नाही, तेव्हा तेही गेलं.

दुसरी गोष्ट अंडाशयाची जागा. बाजूच्या फोटोत पाकळ्यांच्या खाली एक हिरवा फुगीर भाग स्पष्ट दिसत होता, देठाचाच जाड झालेला तुकडा वाटावा असा. चिरलेल्या फुलात त्याच्या आत तीन कप्पे आणि बारीक पांढरे बिंदू. म्हणजे अंडाशय पाकळ्यांच्या खाली. लिलीचा अंडाशय पाकळ्यांच्या आत, वर असतो. खाली अंडाशय, तीन पुंकेसर, सहा पाकळ्या, पंख्यासारखी पानं: आता हे आयरिस कुळ आहे यात शंका उरली नाही. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत या सहांना पाकळ्या म्हणत नाहीत, परिदलं म्हणतात, कारण बाहेरची तीन खरं तर निदलांच्या जागी असतात. मी इथे पाकळ्याच म्हणत राहणार आहे.

कुळ ठरलं तरी त्यातली प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) निवडायची होती, आणि खरी मजा तिथे आहे. एकेक उमेदवार कोणत्या खुणेवर बाद झाला ते सांगतो.

ग्लॅडिओलसचं फूल एका अंगाला कललेलं असतं. पाकळ्या खाली जुळून वाकडी नळी होते आणि तिन्ही पुंकेसर एका बाजूला झुकतात. इथे फूल सगळ्या बाजूंनी सारखं. नळी जवळपास नाहीच, पाकळ्या बुडाशीच सुट्या झालेल्या. केशरी रंगामुळे क्रोकोस्मियाची आठवण होते, पण तिलाही नळी असते, आणि जमिनीखाली एकावर एक रचलेल्या गड्ड्यांची माळ असते. वहिनींनी कडेची माती थोडी बाजूला केली तेव्हा दिसला तो आडवा सरपटणारा, गाठीगाठींचा कंद, कापल्या जागी पिवळा. वेखंडाचा कंद आतून पांढरट-गुलाबीसर असतो आणि घमघमतो. सासूबाईंनी तो पिवळा काप नाकाशी धरला आणि वेखंडाचा विषय घरातून तिथे संपला. मी फोनवर जे बोललो त्यापेक्षा त्या कापाचं वजन जास्त पडलं.

निओमारिका. तिच्या सहा पाकळ्या सारख्या नसतात. बाहेरच्या तीन मोठ्या, पसरट, आणि आतल्या तीन लहान, नक्षीदार, मागे वळलेल्या. बागांत जी सगळ्यात जास्त दिसते त्या ग्रॅसिलिस जातीत बाहेरच्या पांढऱ्या आणि आतल्या निळ्या. दुसरी खूण दांड्याची: निओमारिकाचा दांडा पानासारखाच चपटा असतो, म्हणून फूल पानातूनच उगवलंय असं वाटतं. फुलून झालं की त्याच जागी पिल्लू-रोप येतं, वजनाने दांडा वाकतो, पिल्लू जमिनीला टेकून मूळ धरतं. 'चालणारी' हे नाव त्यावरूनच आलं. आमच्या झाडाचा दांडा गोल, फांद्या फुटलेला, आणि सहाही पाकळ्या जवळपास सारख्या, आतल्या तीन अगदी किंचित लहान. ट्रिमेझियाचा दांडा गोल असतो खरा, पण फूल पिवळं आणि आतल्या पाकळ्या पुन्हा वेगळ्या, वळलेल्या. जाता जाता एक सूचना: अलीकडे काही वनस्पतितज्ज्ञ निओमारिकाला ट्रिमेझियातच धरतात. त्यामुळे एकाच झाडाची दोन नावं वेगवेगळ्या याद्यांत दिसली तर गोंधळून जाऊ नका. टायग्रिडियात पुंकेसर एकमेकांना जुळून मधोमध नळकांडं होतं. इथे ते सुटे होते.

उरले डायटिस आणि खुद्द आयरिस. या दोघांची सगळ्यात मोठी खूण फुलाच्या मध्यभागी असते, आणि बहुतेक लोक नेमकी तिकडेच बघत नाहीत. त्यांच्या कुक्षीवृंताच्या तीन फांद्या पाकळ्यांसारख्या रुंद, रंगीत असतात आणि प्रत्येकीच्या खाली एकेक पुंकेसर दडलेला असतो. मधमाशी त्या फटीतून आत शिरते तेव्हा पाठीला पराग लागतात. म्हणून आयरिसच्या फुलात पाकळ्या नऊ आहेत असं वाटतं. आमच्या फुलाच्या मध्यभागी काय होतं? एक बारीक, केशरी, काडीसारखा कुक्षीवृंत, टोकाला तीन छोट्या फांद्या, टोकं जराशी रुंद. पाकळीसारखं काहीही नाही. पुंकेसर उघड्यावर, सगळ्यांना दिसतील असे. म्हणजे डायटिस नाही. आणि पुस्तकातल्या जुन्या, ओळखीच्या खुणांच्या कोष्टकाप्रमाणे आयरिसही नाही.

संध्याकाळच्या फोटोने शिक्कामोर्तब केलं. फूल एकच दिवस टिकतं, यात नवल नाही, निओमारिका आणि डायटिसच्या बऱ्याच जातींचंही तसंच. पण हे फूल मिटताना सगळ्या पाकळ्या मिळून एकाच दिशेने पीळ घेत होत्या, धुतलेला पंचा पिळावा तशा. दुसऱ्या दिवशी दांड्यावर आदल्या दिवशीच्या फुलाची एक घट्ट केशरी वळी उरली होती. हा पीळ ज्याने एकदा पाहिलाय, तो पुन्हा चुकत नाही. केशरी रंग, लाल ठिपके, सारख्या सहा पाकळ्या, सुटे तीन पुंकेसर, काडीसारखा कुक्षीवृंत आणि सुकताना पीळ: ही बेलमकंडा. पुस्तकांत बेलमकंडा चायनेन्सिस, इंग्रजी बागांत ब्लॅकबेरी लिली किंवा लेपर्ड लिली. हेच फूल अ‍ॅपला दाखवल्यावर त्यानेही हेच नाव दिलं. पानावर चुकलेलं यंत्र फुलावर बरोबर निघालं.

मी मात्र वहीत नाव लिहिलं ते आयरिस डोमेस्टिका. वहिनी गोंधळल्या: आत्ताच तर तुम्ही म्हणालात की आयरिस नाही!

झालं असं की डीएनएच्या अभ्यासात ही वनस्पती आयरिस प्रजातीच्या आत, तिच्या इतर जातींच्या मधोमध बसते असं दिसलं. सगळ्यात जवळची नातेवाईक आयरिस डायकोटोमा, उत्तर चीन-मंगोलियाकडची, आणि तिचं फूलही सुकताना पीळ घेतं. म्हणजे बेलमकंडा ही आयरिसच, जिने पाकळ्यांसारखा कुक्षीवृंत सोडून दिला. 2005 साली गोल्डब्लाट आणि मॅबर्ली या वनस्पतितज्ज्ञांनी तिला आयरिसमध्ये हलवलं. आपण कोष्टकात 'आयरिस नाही' म्हणून खूण केली ती दिसण्यापुरती बरोबर होती, आणि बागेत ओळखायला आजही तीच कामाची आहे. नातं मात्र दिसण्याच्या पलीकडचं निघालं.

'डोमेस्टिका' कुठून आलं, तर वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसकडून. 1753 च्या त्याच्या ग्रंथात ही एकच वनस्पती दोन ठिकाणी, दोन नावांनी आली आहे. एकदा इक्सिया चायनेन्सिस म्हणून योग्य कुळात, आणि एकदा एपिडेंड्रम डोमेस्टिकम म्हणून, चक्क ऑर्किडांत. गावात कोणी ऑर्किड म्हणालं तेव्हा सगळे हसले होते. त्या माणसाला मी कळवलं की तुमची सोबत फार मोठ्या माणसाशी आहे.

आणि 'बेलमकंडा' हे नाव मलबारातून, म्हणजे आजच्या केरळच्या किनाऱ्याकडून आलेलं. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ तयार करून घेतला, तो हॉर्टस मलबारिकस, अ‍ॅमस्टरडॅमहून 1678 ते 1693 या काळात छापला गेला. त्यात हे झाड 'बेलम-कंडा-शुलारमानी' या स्थानिक नावाने आहे, आणि पुढे त्याचाच तुकडा प्रजातीचं नाव झाला. त्या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांनी 1675 साली दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथात नागरी लिपीत, कोकणीत छापलेलं आहे, आणि चित्रांवरही नावं नागरीत दिसतात. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या कोकणी कुटुंबांपैकीच हे लोक. झाड मूळचं हिमालयापासून चीन-जपानकडचं, पण सतराव्या शतकात मलबारच्या परसात ते होतं हे यावरून कळतं. मग पेडण्याच्या एका माहेरातून गड्डा कुडाळला येणं यात नवल वाटायचं कारण नाही. तो पेडण्याला कुठून आला हे सासूबाईंना ठाऊक नाही, आणि मीही त्यावर कथा रचणार नाही.

एक शंका मी शेवटपर्यंत उघडी ठेवली होती: हे शुद्ध झाड की संकर? बेलमकंडा आणि आयरिस डायकोटोमा यांच्या संकरातून 'कँडी लिली' नावाची बागेतली जात निघाली आहे. ती पिवळी, गुलाबी, जांभळी अशा अनेक रंगांत येते. पण तो संकर गेल्या शतकाच्या उत्तरार्धातला, अमेरिकेतला. हे झाड खेड्यातल्या परसातून परसात आलेलं, आणि प्रत्येक फूल त्याच केशरी-लाल साच्यातलं. संकराच्या बाजूने एकही खूण नव्हती.

गणपतीनंतर बोंडं तडकायला लागली. तीन पाळ्या मागे वळल्या आणि मधल्या दांडीला चिकटून काळ्याभोर, चकचकीत बियांचा घोस उघडा पडला. ब्लॅकबेरीचं नाव त्यावरूनच पडलंय. बिया लगेच गळत नाहीत, बरेच दिवस तशाच धरून राहतात. घरात लहान मुलं असल्याने वहिनींना तोंडाला येतील असे घोस कापून घ्यायला सांगितलं, कारण ते खायच्या फळासारखे दिसतात आणि ते फळ नाही. बियांतल्या काही त्यांनी कागदाच्या पुडीत ठेवल्या, काही मला पाठवल्या. कंदाचे तुकडेही सहज लागतात. पाणी साचू दिलं नाही की झालं. चिनी वैद्यकात हा कंद घशाच्या विकारांवर वापरतात, हे ऐकून शेजारच्या आजोबांनी पुन्हा चौकशी केली. त्यांना सांगितलं की तो वापर जाणत्या वैद्याच्या हातातला आहे, आपल्या सहाणेवरचा नाही.

त्याच घरी विहिरीच्या कठड्याशी दुसरा एक पंखा आहे. पानं जास्त रुंद, गडद हिरवी, मध्ये ठसठशीत शीर, वास नाही. सासूबाई आता त्यालाही वेखंड म्हणत नाहीत, मला विचारतात. निओमारिका असावी असं वाटतं, पण त्याला अजून दांडा आलेला नाही. आला की आधी तो चपटा आहे की गोल ते बघायला वहिनींना सांगून ठेवलंय. तोवर माझ्या वहीत त्याच्यापुढे 'आयरिस कुळ, प्रजाती ठरायची आहे' एवढंच लिहिलेलं आहे.